दोनशे पायऱ्यांचा पास

४ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तूही असशील असं धरून चालतो, कारण दोन महिन्यांत तुझं एक अक्षर नाही. चौतीस वर्षांची झालीस तरी पत्रात तुला पिटुकलीच लिहिणार. तक्रार असेल तर तीही पत्रानंच कळव. फोन मला नको. फोनवर मी दोन वाक्यं बोलतो आणि तिसऱ्याला तुझी काकू तो माझ्या हातातून काढून घेते.

आता मुद्द्याचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तीन दिवस तुझ्याकडे यायचं म्हणतोय. तुझ्या एका खोलीत तिघं कशी मावणार याचा विचार मी केलाय. मी जमिनीवर झोपेन. चाळीस वर्षं लाकडाच्या भुशात डुलक्या काढलेल्या माणसाला जमीन टोचत नाही.

विचारायचंय ते तुझ्या त्या शहर-दर्शनाच्या पासाबद्दल. तीन दिवस, बावीस ठिकाणं, बस आणि बोट त्यातच, असा कागद आमच्या पोस्टातसुद्धा चिकटवलाय. तू दिवसभर खिडकीत बसून हेच विकतेस, म्हणजे वैद्य घरातलाच. तेव्हा गिऱ्हाइकाला सांगतेस ते मला सांगू नकोस, काकाला सांगशील ते सांग. आमच्यासारख्यांनी हा पास घ्यावा का?

अडचण आहे तुझ्या काकूच्या गुडघ्याची. वर्ष होत आलं, उजवा गुडघा धरलाय. सपाटीवर ठीक चालते, पण जिना आला की पंधरा-वीस पायऱ्यांनी थांबते आणि मलाही थांबवते. रोज संध्याकाळी मी तेल चोळून देतो, वरून लोकरीची पट्टी बांधतो. गुण म्हणून नाही. जन्मभर गावाला जिने करून दिले आणि माझ्याच बायकोला जिना चढवेना, याला काय म्हणायचं ते तूच सांग.

आणि मला तिला दाखवायचाय तो नेमका जिनाच! जुन्या वेधशाळेच्या मनोऱ्यातला लाकडी जिना. माझ्या उस्तादांच्या कारखान्यात त्याचं एक चित्र भिंतीला लावलेलं होतं, कडा खाल्लेलं, डिंकानं पिवळं पडलेलं. मधे खांब नाही, कुठं खिळा नाही, नुसता भिंतीला धरून गोल गोल वर गेलाय. उस्ताद म्हणायचे की हा चढल्याशिवाय कुणी स्वतःला जिन्याचा सुतार म्हणवू नये. मी बिनदिक्कत चाळीस वर्षं म्हणवून घेतलं. तुला आठवत असेल, माझा प्रत्येक नवा जिना मालकाच्या ताब्यात देण्याआधी तुझी काकू डोळे मिटून चढते. तिचं पाऊल जिथं अडखळेल ती पायरी चुकली, ती मी उखडतो. लग्नानंतर पहिल्यांदा ती असा जिना चढली तेव्हा मी तिला शब्द दिला होता की एक दिवस त्या मनोऱ्यावरही पहिलं पाऊल तुझंच.

तेव्हा मनोरा पासात आहे का, पायऱ्या किती, आणि त्या तिला झेपतील का, हे खरंखरं कळव. आम्ही काही तरुण होत चाललो नाही. यंदा राहिलं तर राहिलंच.

उत्तराची वाट बघतोय. तुझा लोभ आमच्यावर आहे हे ठाऊक आहे, तो अधूनमधून टपालातूनही येऊ दे.

तुझा काका

११ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कचेरीतच उघडलं आणि वैद्य घरातलाच हे वाक्य वाचून मान खाली घातली. काका, सांगायलाही लाज वाटते. सात वर्षं मी त्या काचेमागं बसतेय, बावीस ठिकाणांची नावं झोपेतही उलट्या क्रमानं म्हणेन, आणि त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही. एकही नाही! आम्हां कर्मचाऱ्यांना सगळीकडे फुकट प्रवेश आहे, तरी नाही. सुट्टी आली की कपडे धुवायचे, भाजी आणायची आणि लोळायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

पासाचं म्हणाल तर खिडकीत रोज पन्नास जण विचारतात की हा घेण्यासारखा आहे का. त्यावर भरपूर पाहायचं असेल तर फायद्याचाच, असं उत्तर द्यायचं असा आमच्या मोठ्या बाईंचा दंडक आहे. भरपूर म्हणजे किती हे सांगायचं नाही. खरं सांगायचं तर पाठीला पिशवी अडकवून धावणाऱ्यांना तो परवडतो. तीन दिवसांत सात-आठ ठिकाणं झाली तर वसूल. तुमचं काय होणार? गेल्या खेपेला माझ्या इमारतीचा जिना बघायला तुम्ही पाऊण तास लावला होतात, आणि तोही सिमेंटचा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला नंतर विचारलं होतं की त्या गृहस्थांचं काही हरवलं होतं का. या वेगानं तुमची तीन दिवसांत तीन ठिकाणं होतील, चौथं रस्त्यात.

मनोरा पासात आहे. आमच्या माहितीपत्रकात दोनशे पायऱ्या लिहिल्यात. साध्या तिकिटावर अर्ध्या तासाची वेळ छापून मिळते, तेवढ्यात चढून उतरायचं, की पुढची तुकडी आत. पासवाल्यांना असं काही बंधन नाही, ते कधीही जातात, कितीही थांबतात. पण काकूच्या गुडघ्याला दोनशे पायऱ्या म्हणजे काय, हे मला इथं बसून कळणार नाही.

म्हणून ठरवलंय की दर मंगळवारच्या सुट्टीत स्वतः जाऊन बघायचं. कुठं किती पायऱ्या, कुठं बसायला जागा, सगळं लिहून आणते. जिना कसा बघायचा तेवढं मात्र मला कळवा. लहानपणी तुमच्या कारखान्यात मी फक्त भुशाचे डोंगर केले, शिकले काहीच नाही.

काकूला गुडघा जपायला सांगा. तिला माझा नमस्कार, आणि तुमची माया माझ्यावर अशीच रागावत राहो.

तुमची पिटुकली

१७ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ. वि. वि.

सात वर्षं दारात बसून घर पाहिलं नाहीस, कमाल आहे. पण कबूल केलंस, त्यामुळं रागवायची मजा गेली.

जिना बघायची रीत सांगतो, ध्यान देऊन वाच. पहिली गोष्ट, पायऱ्या मोजायच्या नाहीत. ते कुणीही करतं. पायरीची उंची बघायची. सगळ्या पायऱ्या एकसारख्या उंच असतील तर पाय स्वतःच चालतो, माणसाला चढल्याचं कळतही नाही. एक जरी बोटभर वर-खाली झाली की पाय दचकतो. आपलं डोकं फसतं, पाय फसत नाही. म्हणून डोळे मिटून, कठड्यावर हात ठेवून चढायचं.

दुसरी, वळणावरची सपाट जागा किती पायऱ्यांनी येते ते बघ. आम्ही तिला टप्पा म्हणतो.

तिसरी, कठडा दोन्ही अंगांना आहे का ते बघ. दुखऱ्या पायाचा माणूस चढताना चांगला पाय आधी वर टाकतो आणि उतरताना दुखरा आधी खाली सोडतो. कुणी शिकवावं लागत नाही, शरीरच तसं करतं. एक-एक पायरी करत, दोन्ही पाय जुळवत. त्यामुळं त्याला आधार जाताना एका हाताला लागतो, येताना दुसऱ्या. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. चाळीस वर्षं खाली उभं राहून लोकांची पावलं ऐकली, त्यातून आलंय.

काकू ठीक. काल तेल लावताना म्हणाली की आता पुरे झालं, बरं वाटतंय. मी ऐकलं नाही.

जपून चढ. घाई नको. उत्तर मात्र घाईनं पाठव, तेवढी माया ठेव.

तुझा काका

२ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन मंगळवार झाले, नऊ ठिकाणं पाहिली. काका, मी ज्या शहरात राहते ते एवढं देखणं आहे हे मला सात वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही? आणि सांगणार कोण म्हणा, ते सांगायचा पगार मलाच मिळतो.

जुनं पाणीघर आहे, शहराला पाणी चढवायचं. त्यातली पितळी चाकं अजून रोज पुसतात. पुसणारे आजोबा मला हात लावू देईनात, मग मी सुताराची पुतणी आहे म्हटल्यावर त्यांनी फडकंच माझ्या हातात दिलं. काचेच्या बागेत हात पसरले तरी मावणार नाही एवढं पान पाहिलं. मोठ्या वाचनालयाच्या दालनात दोनशे माणसं बसलेली असतात आणि पान उलटल्याचा आवाज ऐकू येतो. मी तिथं काहीही न वाचता तासभर बसले. खिडकीतून मी रोज या जागा विकत होते, आणि मला त्यांचा छापील फोटोच काय तो ठाऊक!

आता तुमचा मनोरा. तुम्ही सांगितलं तसे डोळे मिटले, हात कठड्यावर ठेवला आणि चढले. कठडा इतका गुळगुळीत आहे की हात आपोआप पुढं सरकतो. सोळा पायऱ्या झाल्या की टप्पा, टप्प्याला एक खिडकी. असे बारा टप्पे, आणि मग शेवटच्या आठ. एकदाही पाय दचकला नाही. पायऱ्या मधोमध झिजून थोड्या खोलगट झाल्यात, पण सगळ्या सारख्याच झिजल्यात. डोळे उघडले तेव्हा वर होते आणि खाली वाकून पाहिलं तर तो सगळा जिना आपल्याच अंगाभोवती वळून खाली उतरत होता. मला उगीचच रडू आलं. तुमचे उस्ताद खरं बोलत होते.

पण काका, हा काकूला जमणार नाही. टप्पे आहेत, कठडाही दोन्ही अंगांना आहे. मात्र अर्ध्या तासाच्या तुकडीत मागून माणसं येत राहतात, खालचा रखवालदार घंटा वाजवतो, कुणी कुणाला थांबू देत नाही. माझेच पाय वर पोचेपर्यंत लटलटत होते. काकूला त्या रेट्यात नेणं म्हणजे तिच्या गुडघ्याशी वैर.

तेव्हा मी असं ठरवलंय. बावीस ठिकाणांचा पास नको. नुसता बस आणि बोटीचा छोटा पास मिळतो तो पुढच्या सोमवारी तिघांसाठी घेते, बसून जेवढं दिसेल तेवढं काकूला दाखवू. मनोऱ्याचं एकच साधं तिकीट काढू, तुमचं. काकू आणि मी खाली बागेत बाकावर बसू. तुम्ही काय, शिट्टी वाजवत वर जाल आणि अर्ध्या तासाच्या आत खाली याल. शब्द अर्धा पाळला जाईल, पण काकू समजून घेईल.

रागावू नका. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची पिटुकली

६ मार्च

प्रिय पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय हे यांना माहीत नाही. उत्तर आपल्या घरी पाठवू नकोस, शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव. त्यांना सांगून ठेवलंय.

तुझं पत्र यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एकट्यानं वर जायचं आलं तसा आवाज जरा बसला, पण म्हणाले की पोरगी शहाणी आहे, तेच बरोबर आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. अगं, माझे गुडघे ठणठणीत आहेत. उजवाही आणि डावाही. दम यांना लागतो.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या नव्या घराचा जिना यांनी केला, तीन मजल्यांचा. ताब्यात द्यायच्या दिवशी नेहमीसारखी मी डोळे मिटून पुढं, हे मागं. वर मालकीणबाई आणि त्यांची माणसं उभी. दुसऱ्या मजल्यापर्यंत यांची पावलं ऐकू येत होती, मग थांबली. मी डोळे उघडून मागं पाहिलं तर दोन्ही हातांनी कठडा धरून उभे, ओठ निळसर. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले की सांधा बघतोय. तिथं सांधा नव्हता गं. सरळ अखंड लाकूड होतं. वरून मालकीणबाई विचारायला लागल्या की काही चुकलंय का. मला काय सुचलं कोण जाणे, मी मटकन पायरीवर बसले आणि माझा गुडघा म्हणून ओरडले. हे आले, शेजारी बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दहा मिनिटांत त्यांचा श्वास जागेवर आला. त्या दिवसापासून माझा गुडघा दुखतो.

डॉक्टरीणबाईंनीच नंतर तपासलं. इतक्या वर्षांचा भुसा छातीत बसलाय म्हणतात. भिण्यासारखं नाही, जिनेसुद्धा चढू देत, पण पंधरा-वीस पायऱ्यांनी बसायचं, रेटायचं नाही. हे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले की दम म्हाताऱ्यांना लागतो. यांना तू ओळखतेस. मान मोडेल पण वाकणार नाही. तेव्हा थांबायचं असेल तर माझ्यासाठी थांबतात, आणि मला तेवढं पुरतं. कधीकधी कुठला गुडघा सांगितला होता तेच मी विसरते, पण यांच्या ध्यानात यायचं नाही. लाकूड सोडून यांचं लक्ष असतं कशात? रोजचं तेल आणि उन्हाळ्यात ती लोकरीची पट्टी, एवढी एक शिक्षा मात्र भोगतेय.

आता तू यांना अर्ध्या तासात एकट्यानं वर पाठवणार. लोक मागून येतायत म्हटल्यावर हे थांबणार नाहीत. मी शेजारी नसले तर कुणाच्या नावानं थांबतील? आणि जायचं नाही असंही मला म्हणवत नाही. गेलं वर्षभर नवं काम घेतलेलं नाही यांनी. रंधा हातात घेतात, पुसतात, ठेवतात. तो जिना चढता आला नाही तर हे मनातून उठणारच नाहीत परत, याचीच मला धास्ती आहे.

तूच लिहिलंस ना की पासवाल्यांना वेळेचं बंधन नसतं? मग तो मोठा पास घे, तिघांचाही. बावीस ठिकाणं घाल चुलीत. मला त्या एका जिन्यावर हवा तेवढा वेळ दे.

माझ्यासाठी एवढं कर. बाकी तुझ्यावर माझा जीव आहे हे लिहायला पत्र लागत नाही.

तुझी काकू

११ मार्च

ती. सौ. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शिंपीणबाईंकडून मिळेलच. तुझं पत्र मी खिडकीत बसून वाचलं आणि समोर रांग उभी असताना ढसाढसा रडले. पहिल्या गिऱ्हाइकाला वाटलं की पास संपले.

काकू, मी तुला आजवर साधी समजत होते. वर्षभर लंगडतेस, तेही कुणी शाबासकी देणार नाही हे माहीत असताना! आणि मी शहाणी काकांना एकट्यानं वर पाठवायला निघाले होते, वर शिट्टी वाजवत जा म्हणून. आठवलं की अंगावर काटा येतो.

मोठे पास घेतले, तिघांचे. काकांना आजच वेगळं पत्र टाकलंय. त्यात लिहिलंय की मी चुकले, काकूला खाली बसवून ठेवणं बरं नाही, पासावर वेळेची घाई नाही, तेव्हा काकूच्या गुडघ्याच्या कलानं सगळेच सावकाश जाऊ. सगळा दोष तुझ्या गुडघ्यावर ढकललाय, रागावू नकोस. शेजारच्या खिडकीतली मैत्रीण म्हणाली की बावीस ठिकाणांचा पास घेऊन एकच ठिकाण बघणारी माणसं तिनं पाहिली नाहीत. मी तिला म्हटलं, बघशील.

मी बुधवारची रजा काढलीय, त्या दिवशी गर्दी कमी असते. रखवालदारांना भेटून आले, त्यांनाही सांगितलंय की आमच्या काकूंचा गुडघा दुखतो. बारा टप्प्यांवर बारा वेळा बसू. पाण्याची बाटली मी घेईन. तू फक्त गुडघा धर.

आणि पट्टी बांधूनच ये, नाहीतर पितळ उघडं पडेल. तुझा जीव माझ्यावर आहे तसा माझाही तुझ्यावर आहे, आता तर जरा जास्तच.

तुझी पिटुकली

२ एप्रिल

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या काकूनं तुझ्यासाठी चार पानी पत्र लिहायला घेतलंय, ते यथावकाश येईल. हे माझं आधी वाच, आणि वाचून झाल्यावर तिच्या हाती कधी पडेल असं ठेवू नकोस.

आधी पासाचा निकाल. बावीसपैकी एक ठिकाण पाहिलं, अडीच तासांत. पुढचे दोन दिवस बागेत बसून त्याच जिन्याबद्दल बोललो. पास पुरेपूर वसूल. तुमच्या मोठ्या बाईंना सांग की खिडकीत येणाऱ्याला आधी विचारत जा, तुम्ही एका जागी किती वेळ थांबता?

तो जिना ज्यानं केला त्याला माझा दंडवत. चित्रात मला त्याची गोलाई दिसली होती. चित्रात न दिसलेली गोष्ट म्हणजे टप्पे. मी चाळीस वर्षं टप्पा केला तो वळायला जागा हवी म्हणून. त्या माणसानं प्रत्येक टप्प्यावर खिडकीच्या खाली हातभर रुंद फळी बसवलीय, बरोबर बसायच्या उंचीची. म्हणजे वर जाणारा माणूस दमणार हे त्यानं आधीच धरलं होतं, आणि त्यात कमीपणा मानला नव्हता. बाराही फळ्यांवर मी बसलो. डॉक्टरीणबाईंच्या जिन्याला तशी फळी मी पुढच्या आठवड्यात बसवणार आहे, फुकट. शाळेच्या जिन्याचं कामही घेतलंय. हाताखाली दोन माणसं ठेवीन, पण माझ्याऐवजी भुसा त्यांनी खायचा असं नाही, तोंडाला फडकं बांधूनच काम करायचं, मीसुद्धा.

आता जे लिहायला बसलोय ते. पिटुकले, तू लबाडी चांगली करतेस, पण कच्ची. पहिल्या टप्प्यावर बाटली उघडलीस आणि पाणी आधी मला दिलंस. गुडघेदुखीवाली शेजारी बसलेली असताना! तेव्हाच कळलं की तुला कळलंय.

दम मला लागतो. लिहून टाकलं एकदाचं.

आणि तुझ्या काकूचा गुडघा दुखत नाही हे मला गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आमच्या घराच्या पायऱ्या चढताना ती उजवा गुडघा धरून, एकेक पायरी करत निघाली, आणि प्रत्येक पायरीवर आधी उजवाच पाय टाकला. उजवा गुडघा खरंच दुखत असेल तर कुणाच्या बापाला ते जमणार नाही. तिच्या पावलावर मी चाळीस वर्षं जिने तपासलेत, तिचं पाऊल मला ऐकू येणार नाही तर कुणाचं येईल? आधी रागच आला, की मला काय एवढं दुबळं समजते. मग रात्रभर विचार केला आणि लाज वाटली. मला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये म्हणून ती चारचौघांत लंगडत होती. तिनं माझी लाज राखली, ती मी तिच्यासमोर उघडी कशी करणार? म्हणून तेलाची बाटली आणली. खरं सांगू, इतक्या वर्षांत मी तिच्या पायाला कधी हात लावला नव्हता. डोळे मिटून माझ्या चुका शोधत दुनियेचे जिने चढलेले पाय ते. गुडघ्याचं निमित्त झालं, नाहीतर राहूनच गेलं असतं.

शेवटच्या आठ पायऱ्यांचं तू पाहिलं नाहीस, तू बाराव्या खिडकीशी बाटली पिशवीत ठेवत होतीस. मी तिला म्हटलं की पहिलं पाऊल तुझं, ठरल्याप्रमाणं. ती डोळे मिटून निघाली. मीही डोळे मिटले आणि ऐकलं. उजवा, डावा, उजवा, डावा, एकसारखे, पहिल्या वर्षी चढली होती तसे. दोन पायऱ्यांत ती गुडघा विसरली होती. वर पोचून हसली, ते मला खालूनच ऐकू आलं. मग एकदम शांतता. मी डोळे उघडले तर ती वळून माझ्याकडे बघत होती, चोरी पकडल्यासारखी. आणि तिनं घाईघाईनं गुडघा धरला, तोही डावा.

मी लगेच खाली वाकलो, कठड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणालो की सांधा बघतोय. तिथं सांधा नव्हता.

तुझी काकू हाक मारतेय, थांबतो. तू आम्हाला वर नेलंस, ते उपकार लिहून फिटणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. अशीच आमची वाट बघत जा.

तुझा काका

ता. क. परवापासून तेल दोन्ही गुडघ्यांना लावतो.